पाल्याआधीचा सवाल

मंगळवारी सकाळी मी आणि माझी बायको जैतूनबी, आम्ही दोघांनी मिळून एका गादीचा काठ शिवला. डोंगरकडा गावच्या एका घरची लग्नाची गादी होती. कापूस आदल्या दिवशीच पिंजून खोळीत भरला होता, काठीनं झोडून बराबर केला होता. काठ तेवढा राहिला होता. आमची रीत अशी, की ती एका कोपऱ्यावर बसायची, मी समोरच्या. दोघांच्या हातात दाभण. शिवत शिवत सरकायचं आणि मध्ये भेटायचं. चाळीसच्या वर वर्षं हेच चाललं. ती माझ्या आधी मध्यावर पोचायची आणि मग टोमणे मारत बसायची.

त्या दिवशीही आधी पोचली. म्हणाली, "दोरा लई आखूड घेता तुमी. घडीघडी ओवत बसता."

मी म्हणालो, "लांब घेतला की गुंततो."

"गुंतवणाऱ्याचा गुंततो."

हे आमचं शेवटचं बोलणं. लोक विचारतात, जाताना काय बोलली, काही सांगून गेली का. दोऱ्याचं बोलली. दुसरं काही नाही. गादी पुरी झाली, घरवाले टेम्पोत टाकून घेऊन गेले. ती उरलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून आडवी झाली. रोजच व्हायची. दुपारची अजान झाली तरी उठली नाही म्हणून मी पाय हलवला. डॉक्टर आला, म्हणाला हृदय बंद पडलं. दिवस मावळायच्या आत आम्ही माती दिली.

मी पिंजारी माणूस. चौथी शिकलो, त्यातली दोन वर्षं पळून जाण्यात गेली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण जैतूनबीचं निम्मं बोलणं मराठीच असायचं, म्हणून इथं सगळं मराठीतच लिहितो. कौतुक करायला बसलेलो नाही. तिला खोटं कौतुक चालत नव्हतं. गावातल्या बाया म्हणायच्या, मावशीच्या हाताला गुण आहे. ती फटकन म्हणायची, "हाताला काय गुण! पाल्याला गुण हाय. आन गुण हाय म्हणूनच त्याला भ्यावं लागतं."

पाला म्हणजे अडुळशाचा. तो आमच्या दारात माझ्यामुळं आला. तेव्हा मशीन नव्हती, हातानं पिंजण मारायचो. कमानीला मुठीचा ठोका बसला की कापूस हवेत उडतो आणि त्यातलं अर्धं पिंजाऱ्याच्या छातीत जातं. माझा बाप त्यातच खोकून खोकून गेला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मीही रात्रंदिवस खोकायला लागलो, तेव्हा जैतूननं माहेरहून अडुळशाच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि रस्त्याकडच्या बाजूनं रोवल्या. पानं तव्यावर गरम करायची, ठेचून रस काढायची, त्यात मध घालून चमचाभर मला द्यायची. कडू जहर. पण कफ सुटायचा, झोप लागायची. चार फांद्यांची पुढं कंबरेला, मग डोक्याला लागणारी अशी लांब ओळ झाली. पांढरी फुलं यायची. ज्वारीच्या कणगीत ती तोच पाला टाकायची, कीड लागत नाही म्हणून. सीताफळं पिकवायलाही तोच पाला.

मग लोक यायला लागले. वसमतला हळद घेऊन जाणारे, फाट्यावरचे टायरवाले, तांड्यावरच्या बाया. ती कुणाला वैद्य म्हणू द्यायची नाही. कुणी पाया पडायला वाकलं की पाय मागं घ्यायची आणि खेकसायची, "पाला हाय, दर्गा न्हाई." दिवस मावळल्यावर तोडायची नाही. त्यातही लोकांना काहीतरी गूढ वाटायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अंधारात पानाखालची कीड दिसती का तुमाला?" एवढंच.

तिची पहिली सवय अशी, की आलेल्याला खोकायला लावायची. "खोक." समोरचा लाजत लाजत खोकायचा. ती डोळे मिटून ऐकायची, मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसं. मग सांगायची, हा घशाचा, हा छातीचा. एकदा शेजारची सून रोज खोकते म्हणून तिची सासू तिला हाताला धरून घेऊन आली. जैतूननं खोकायला लावलं, ऐकलं, आणि सासूला म्हणाली, "हा खोकला शेतात निंदायला जायच्या येळंला येतो का?"

"व्हय की मावशी! बराबर त्याच येळंला."

"मग याला पाला लागत न्हाई. दोन दिस घरी झोपू दे, आपोआप जातो." सुनेनं पदरात तोंड लपवलं. सासूला काही कळलं नाही आणि दोन दिवसांनी खोकला गेलाही. ती सासू नंतर गावभर सांगत फिरली, मावशी नुसतं ऐकून बरं करते.

पण कुणाचा खोकला पंधरा दिवसांच्या वरचा निघाला, की ती पानाला हातही लावायची नाही. "माझा न्हाई हा. दवाखान्यात जा, बेडका तपासून घे." माणूस गयावया करायचा, मावशी तेवढा रस दे, मग जातो. नाही म्हणजे नाही. "रस दिला की तुला दोन दिस बरं वाटंल, आन मग तू जाणार न्हाईस. मला ठाव हाय." रक्त पडतं असं कुणी म्हटलं की त्याला त्याच पावली उठवायची. अंगावर पिणाऱ्या लेकराला कधी दिला नाही. बी. पी.च्या गोळ्या खाणाऱ्याला म्हणायची, गोळ्यावाल्याला विचारून ये. एकदा एक पैलवान चमच्याऐवजी गिलासभर रस प्याला आणि दिवसभर ओकत पडला, तर ती त्याच्या घरी जाऊन त्यालाच शिव्या देऊन आली.

आणि स्वतः? स्वतः मिसरी लावायची. सकाळी, दुपारी, चहाच्या आधी, चहाच्या नंतर. मी म्हणायचो, "जगाच्या छातीची काळजी करती आन सोता तंबाखूची राख चोळत बसती."

ती काळे दात दाखवत हसायची. "मला काय शंभर वर्सं गादी शिवायची हाय का?"

आता तिची दुसरी सवय. तिच्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

बाई आली, की ती आम्हा सगळ्यांना बाहेर काढायची. मी पिंजत असलो तरी म्हणायची, "अजी, तुमी जरा भाईर जाऊन बसा." मी रस्त्याच्या कडेला दगडावर जाऊन बसायचो. आत ती त्या बाईला एक सवाल विचारायची. पाळी कधी आली, दिवस गेलेत का. उत्तर मिळाल्याशिवाय पान तुटत नव्हतं. आणि पाला घरी न्यायला मिळत नव्हता. रस तिच्यासमोर प्यायचा, जिला खोकला तिनंच यायचं. बाया चिडायच्या. लांबून आलेल्या चिडायच्याच. ती ढिम्म.

हे आधीपासून असं नव्हतं.

आमची लेक सलमा तेव्हा नुकती चालायला लागली होती. तांड्यावरची पारूबाई आली. वयानं माझ्या मोठ्या बहिणीएवढी, चांगली ओळखीची. म्हणाली, मला खोकला झालाय. खोकून दाखवलं. जैतूननं ओंजळभर पाला दिला, कसा घ्यायचा ते सांगितलं. पारूबाई गेली. खोकला तिला नव्हताच. तिच्या सुनेला होता. सुनेला दुसरा महिना होता. तीन महिने झाल्याशिवाय ती गोष्ट कुणाच्या कानावर घालायची नाही, दृष्ट लागते. हे त्यांच्यात आहे तसं आमच्यातही आहे. सून स्वतः आली असती तर रस्त्यावरच्या चार बायांनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं असतं. म्हणून सासू आली. पोरीच्या भल्यासाठीच खोटं खोकली. आणि लवकर बरं वाटावं म्हणून चमच्याच्या जागी वाटी वाटी पाजत राहिली.

पाचव्या दिवशी सुनेला रक्त जायला लागलं. जीपमध्ये घालून वसमतला नेलं. पोरगी वाचली. पोटातलं गेलं.

तिथला डॉक्टर म्हणाला, पाल्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, असंही पुष्कळ वेळा होतं. पण पोटुशी बाईला अडुळसा देऊ नये, एवढं ध्यानात ठेवा. जैतून त्या दवाखान्यात माझ्या शेजारी उभी होती. तिनं शेवटचं तेवढंच ऐकलं. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं नाही. फांद्या देताना तिच्या मावशीनं सांगितलं होतं, पोटुशीला देऊ नको. पण समोर सासू झालेली बाई आली, तिला काय विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन अडुळशाकडं निघाली. मी तिला अडवलं. मी काय म्हणालो ते खरं खरं लिहितो. म्हणालो, "मग माझ्या छातीचं काय करू?" ती माझ्याकडं बघत राहिली. कोयता जागेवर ठेवला. पारूबाईकडं गेली. तिथं दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण परत येताना पारूबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली होती. त्या सुनेला पुढं दोन लेकरं झाली. दोन्ही वेळेला जैतून सातव्या महिन्यात साडी घेऊन गेली. पण ते पहिलं ती विसरली नाही. त्या दिवसापासून मी दगडावर बसायला लागलो.

मी फटकळ माणूस आहे. गादीत कापूस कमी भरला म्हणणाऱ्याची मी खोळ उसवून त्याच्या डोक्यावर कापूस ओतलेला आहे. पण तो एक सवाल माझ्या तोंडातून निघत नव्हता. परक्या सुनेला, कुणाच्या लेकीला, मर्द माणसानं असं विचारायचं? जैतून चिडवायची, "गावाला शिव्या देताना जीभ अडत न्हाई, इथंच बरी अडती."

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. आठ दिवस सलमाकडं वसमतला होती. जाताना मला बजावून गेली, कुणाला पाला द्यायचा नाही. मी सगळ्यांना परत पाठवत होतो. एक दिवस एक बाई आली, केस पांढरे, तोंडात चार दात. एवढ्या म्हातारीला काय नाही म्हणायचं? म्हणालो, घे तोडून.

जैतून परत आली. काळा चष्मा लावलेला. आल्या आल्या ओळीकडं गेली आणि हातानं चाचपून म्हणाली, "हितला पाला कुणी तोडला?"

मी सांगितलं.

"विचारलं का?"

"अगं साठीची बाई! तिला काय दिवस जाणार?"

"कुणासाठी नेला ते विचारलं का?"

ती तशीच, काळ्या चष्म्यासकट, डॉक्टरनं धुळीत जाऊ नका म्हटलेलं असताना, त्या बाईचं घर शोधत निघाली. मी मागं मागं. दीड कोस चाललो. घर सापडलं. म्हातारीनं पाला स्वतःसाठीच नेला होता, निम्मा तर वाळून गेला होता. ती आम्हाला चहा पाजायला निघाली. जैतूननं चहा घेतला, दोन चमचे साखर जास्त मागून घेतली, आणि परत येताना वाटेत एका लिंबाखाली बसली. दमली होती. मला म्हणाली, "मी मेले तर दोनपैकी एक करा. विचारा, न्हाईतर तोडा. तिसरं करू नका."

"आधी मी मरतो," मी म्हणालो.

"तुमचा काय भरोसा! दोरा आखूड घेणारा माणूस, तुमी जगताल लई."

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तो विलास. चांगला तिशीतला बाप्या, दोन लेकरांचा बाप. गेल्या साली त्यानं जैतूनचा व्हिडिओ काढला. तिनं आधी नाही नाही म्हटलं, मग म्हणाली, काढ, लोकांना नीट कळंल तरी. अर्धा तास बसून तिनं सगळं सांगितलं. पाला कसा ओळखायचा, किती घ्यायचा, किती दिवस, कुणी घ्यायचा नाही. तो सवालही सांगितला, दोनदा. विलासनं त्याची दोन मिनिटं केली आणि मोबाईलवर टाकलं. सलमानं वसमतहून फोन केला, "अम्मी, तू सगळ्यांच्या मोबाईलवर हाय!" मग तिला ते दाखवलं. बघत बघत तिचा चेहरा उतरला. त्यात पाला होता, तवा होता, मध होता. सवाल नव्हता.

ती दुकानावर गेली. मीही होतो.

"इलास, ते पोटुशीचं कुठं गेलं?"

"मावशी, ते बायकांचं काढलं. चांगलं दिसत न्हाई. घरात सगळे बघतात."

"पाला ठेवलास आन माझी जीभ कापलीस व्हय रे?"

"अवं मावशी, पन्नास हजार लोकांनी बघितलं! तुमचं नाव झालं."

"मग पन्नास हजारांना तूच विचारत फिर." असं म्हणून ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली. गिऱ्हाईक यायचं, ती पाय काढायची नाही. सकाळपासून दुपारपर्यंत बसली. शेवटी विलासनं ते काढून टाकलं. हात जोडून म्हणाला, काढलं मावशी, शपथ काढलं. पण ते त्याच्या हातात राहिलंच नव्हतं. दुसऱ्यांनी आपापल्या नावानं फिरवलं होतं. त्याला भला विलासही काय करणार.

मग काय, लांबून लांबून बाया यायला लागल्या. जैतून रोज दारात बसून राहायची. नात्यातल्या लग्नाला जायची नाही. सलमा बोलवायची, जायची नाही. म्हणायची, मी नसताना कुणी तोडलं तर? गेलं वर्षभर ती त्या ओळीला बांधल्यासारखी होती. मी म्हणालो, आता तोडू. तर म्हणाली, "तुमची छाती?" एवढ्या वर्षांनी तिनं माझंच बोलणं मला परत दिलं. टोमणा होता का काळजी, मला तेव्हाही कळलं नाही.

बुधवारी, म्हणजे माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी पहाटे फजरची नमाज पढून कबरीवर जाऊन आलो. घरात सलमा होती, दोन-चार बाया होत्या. पारूबाई आता वाकली आहे, चालवत नाही तिला, तरी तांड्यावरून आली होती आणि दाराशी भिंतीला टेकून बसली होती. मी दगडावर जाऊन बसलो. सवयीनं.

एक पोरगी आली. वीस-एकवीसची. गळ्यात नवं मंगळसूत्र, हातात कापडी पिशवी. येतानाच खोकत आली.

"बाबा, जैतूनमावशीचं घर हेच का?"

"हेच."

"मोबाईलवर बघितलं. सहा-सात दिस झाले, खोकला जाईना. पाला पायजे होता."

"मावशी वारली. काल माती दिली."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "माफ करा बाबा, मला ठाव नव्हतं," म्हणाली आणि मागं फिरली. मी तिला जाऊ दिलं असतं तर चाललं असतं. पण फिरता फिरता तिला उबळ आली, कंबरेतून वाकून खोकली, आणि एक हात पोटाला लावला. खोकताना कुणीही लावतं. पण मी उठलो.

"पोरी, दिवस गेलेत का तुला?"

आतून सलमा ओरडली, "अब्बा!" पारूबाईनं मान वर केली. पोरगी लालेलाल झाली. पायातल्या चपलेकडं बघत म्हणाली, "न्हाई."

जैतूनला कळलं असतं. गळ्याकडं बघून, आवाज ऐकून, कशावरून कुणास ठाऊक, पण खरं-खोटं तिला कळायचं. मला काही कळलं नाही. मी एक म्हातारा पिंजारी. म्हणालो, "पाला आता मिळत न्हाई. सरकारी दवाखान्यात जा."

ती गेली. मी आत पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात सलमा खिडकीतून बघून म्हणाली, "अब्बा, तिनं पाला तोडला. पिशवीत घातला."

मी चप्पल शोधली नाही. बाहेर आलो तेव्हा ती स्टँडपर्यंत पोचली होती आणि फाट्याकडं जाणारी बस उभी होती. मी पळालो. या वयात पळणं म्हणजे काय, निम्मं पडणंच. कंडक्टरनं घंटी मारली होती. मी दारावर थापा मारल्या. दार उघडलं.

"कुठं जायचं बाबा?"

"कुठं न्हाई. थांब जरा."

मी वर चढलो. दम लागलेला, पाय अनवाणी. पोरगी तिसऱ्या बाकावर होती. मला बघून तिनं पिशवी मांडीखाली घेतली.

"पाला दे."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारं मूठभर पाल्यासाठी बस अडवून राहिलं." दुसरा म्हणाला, "अरे, बायको मेली त्याची काल. जाऊ दे."

बसभर माणसं. तिथं तो सवाल पुन्हा कसा विचारू? मी वाकलो, तिच्या कानाशी गेलो. इंजिन चालू होतं, कुणी ऐकलं असेल, नसेल. म्हणालो, "माझ्या बायकोनं हा पाला एका घरी दिला होता. पोटातलं लेकरू गेलं. तू मघाशी खरं बोलली असशील तर ठेव, मी उतरतो. खोटं बोलली असशील तर दे. मी काही विचारत न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या बाकाच्या लोखंडी दांडीकडं बघत बसली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, उतरा आता, टाइम झाला." मग तिनं पिशवी मांडीखालून काढली, आत हात घातला आणि पाला बाहेर काढून माझ्या हातात दिला. पुन्हा हात घातला, तळाची राहिलेली दोन पानंसुद्धा काढून दिली.

"दवाखान्यात खोकला दाखव," मी म्हणालो. "आन तिथं लपवू नको. तिथं दृष्ट लागत न्हाई."

तिनं मान हलवली. मी उतरलो. बस गेली. तिचं गाव कोणतं, नाव काय, मी विचारलं नाही. त्या बसमध्ये तिच्या गावचं कुणी होतं का, त्यांच्या ध्यानात आलं का, मला माहीत नाही. आलं असेल तर ते माझ्यामुळं.

घरी येईपर्यंत माझा ऊर भात्यासारखा वर-खाली होत होता. आज सलमानं खिडकीतून बघितलं. उद्या कोण बघणार? ती चार दिवसांनी आपल्या घरी जाईल. मी झोपलेला असेन, मशिनीवर असेन, दवाखान्यात असेन. आणि समोर असलो तरी मला खरं-खोटं कळत नाही. आजच्या पोरीनं आपणहून दिला म्हणून निभावलं.

मी सलमाला म्हणालो, "कोयता दे."

ती समजली. दारात आडवी उभी राहिली. "अम्मीनं लावलेलं हाय अब्बा! काल तर ती गेली. काहून एवढी घाई?"

"मग तू ऱ्हाती का हितं? रोज बसून विचारती का?"

ती रडायला लागली. मी कडक बोललो, मला ठाऊक आहे. पारूबाई भिंतीला धरून उठली, आत गेली, कोनाड्यातला कोयता काढला आणि माझ्या हातात आणून दिला.

रस्त्याकडची सगळी ओळ खाली घ्यायला दुपार झाली. खोडं मनगटाएवढी झाली होती. मध्ये मध्ये बसत होतो. मागच्या आंगणात, भिंतीच्या आत एक झुडूप आहे, ते ठेवलं. ते माझ्या छातीसाठी. त्याबद्दल कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तोडलेल्याचा रस्त्याच्या कडेला ढीग झाला. दुसरा कुठला पाला असता तर संध्याकाळपर्यंत शेळ्यांनी साफ केला असता. अडुळसा शेळ्या खात नाहीत. तसाच पडला असता तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं उचलला असता. म्हणून मी कवेत घेऊन घेऊन तो घरामागच्या खड्ड्यात नेला. सलमा रडत रडत मदतीला आली. शेवटची खेप टाकली, फावड्यानं वरून माती ओढली, पायानं दाबली, आणि नळावर जाऊन हात धुतले.